‘अठराच्या आत काय होत नाही’ : कुमारांसाठी कादंबरी लिहितोय, कायद्याचं जरा सांगा

उद्यमनगरचा टर्नर

नमस्कार मंडळी. मी लेखक नव्हे. उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे माझं. दोन लेथ, एक ड्रिलिंग आणि एक शेपर, जे थंडीत कधीच पहिल्या झटक्यात चालू होत नाही. शिरोलीच्या फाउंड्र्यांतनं कास्टिंग येतात, आम्ही टर्निंग-बोअरिंग करून देतो. हाताखाली आयटीआयची पोरं. दहाच्या चहाला त्यांचं काय चाललंय ते मुद्दाम ऐकावं लागत नाही, कानावर पडतंच. परवा कुठल्यातरी भांडणाचा विषय निघाला, कोयता वगैरे, आणि त्यातलं सतरा वर्षांचं एक पोरगं जॉबची बर कानशीनं काढता काढता म्हणालं, “अठराच्या आत काय होत नाही ओ मालक. दोन दिवस रिमांड होम, परत भाईर.” बाकीचे हसले. कुणी खोडून काढलं नाही. म्हणजे हे त्याचं एकट्याचं मत नव्हतं.

त्या एका वाक्यावर मी कादंबरी लिहायला घेतलीय. शटर ओढलं की रात्री तासभर. मुलगी माझी दहावीत, ती इंग्रजीतनं असली पुस्तकं वाचते. कोर्टात उभं राहिलेलं पोरगं, ज्युरी, मोठ्या माणसासारखी शिक्षा. एक वाचून झाल्यावर तिनं विचारलं, “पप्पा, हा कोल्हापुरात असता तर ह्याचं काय झालं असतं?” करवीर नगर वाचन मंदिराचा मी पोरवयापासूनचा मेंबर. पण बारा ते अठराच्या वाचकाला द्यावं असं काही मराठीत शोधायला गेलो की एक तर चिमणीपाखरांच्या गोष्टी, नाहीतर एकदम उशीएवढे ऐतिहासिक ठोकळे. मधल्या फळीवर फारसं काही नाही.

गोष्ट अशी आहे. अज्या, वय १७ वर्षं ३ महिने. बाप लेथवर, दुसऱ्याच्या. आई खानावळीला चपात्या लाटून देते. पोरगा पेठेच्या संघात राखीव गोलकीपर, म्हणजे सगळी मॅच बाकावर. शाहू स्टेडियमवर संघ हरतो. बाहेर ढकलाढकली, शिव्या, मग मोबाईलवर स्टेटसला स्टेटस. रात्री गल्लीतला बावीस वर्षांचा एक दादा म्हणतो, “अज्या, स्प्लेंडर काढ, रंकाळ्यावर जाऊन येऊ.” अज्या चालवतोय, मागं दोघं. मिरजकर तिकटीच्या पुढं गाडी खड्ड्यात आदळते आणि दादानं शर्टाच्या आत पोटाशी खोचलेल्या कोयत्याची मूठ अज्याच्या पाठीत रुतते. तेव्हा त्याला कळतं. तो गाडी थांबवत नाही. (हे एक पान मी किती वेळा फाडलं विचारू नका. का थांबवत नाही, हे लिहायला जमत नाही. न लिहिता दाखवावं लागतंय.)

रंकाळ्यावर समोरच्या पेठेतला एकोणीस वर्षांचा पोरगा सापडतो. वार दोन. अज्या रस्त्याच्या कडेला गाडी चालू ठेवून. जखमीला सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात नेतात. पहाटे अज्याच्या दारात पोलीस. आणि दिवस उजाडायच्या आत दादाचा थोरला भाऊ अज्याच्या बापाला बोळात गाठतो. “तुमचा पोरगा मायनर हाय. त्यानं अंगावर घेऊ दे. त्याला काय होत नाही, आमचा मात्र जन्माचा जाईल. वकिलाचं आम्ही बघतो.”

इथं पेन अडलं. बापानं हो म्हणावं का नाही हे ठरवायच्या आधी मला कळलं पाहिजे की तो भाऊ खरं बोलतोय का खोटं. त्या रात्री पोराला नेमकं कुठं बसवतात? कळंब्याच्या जेलला नेतात का? मोठ्यांच्या कोर्टात त्याची केस जाऊ शकते का, आणि गेली तर किती शिक्षा? बायको म्हणते, शेवटी सोडून द्या त्याला, लहान मुलांनी वाचायचं आहे. मुलगी म्हणते, सोडलात तर मी वाचणार नाही.

जुना फॉरवर्ड

मालक, विषय नाद खुळा हाय. पण एक सांगतो, राग मानू नका. कोयता खोचताना ह्यांना वय आठवत नाही, सापडल्यावर बरं आठवतं. पुण्यात कल्याणीनगरला २०२४ साली दोघं गेली गाडीखाली, आणि पोराला पहिल्या दिवशी ३०० शब्दांचा निबंध लिही म्हणून जामीन. सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं ते. तुमच्या वर्कशॉपातल्या पोरानं पण वाचलं असणार, म्हणून तर ते तसं बोललं. आता तो बिल्डरचा पोरगा आणि तुमचा अज्या चपात्या लाटणारीचा, दोघांना एकच कायदा कसा लागतो तेवढं बघायला मी तुमची कादंबरी घेणार.

दुसरं. ज्याला वार बसले त्याला तुम्ही नाव पण दिलेलं नाही अजून. “समोरच्या पेठेतला पोरगा.” त्याच्या घरात एक तरी प्रकरण न्या. सीपीआरच्या व्हरांड्यात रात्रभर बसलेली चुलती, रक्तासाठी फोन लावणारी पोरं, आणि ज्यानं आयुष्यात कधी बॉलला पाय लावला नाही असा बाप, ज्याला शेवटपर्यंत कळत नाही की मॅच हरल्यावर माणूस का मारायचा. ते नसलं तर वाचणारी पोरं अज्यासाठी रडतील आणि वार झालेला तसाच राहील.

काळा कोट, बावडा

टर्नरसाहेब, मी बरीच वर्षं बाल न्याय मंडळासमोर मुलांची कामं बघतो, म्हणून सविस्तर लिहितो. फॉरवर्डसाहेबांचं दुसरं म्हणणं तर मला कायद्याच्या अंगानंही पटतं, कारण तुमची कादंबरी कोर्टात फिरतच नाही. ती सीपीआरच्या आयसीयूत फिरते. कशी ते बघा.

बाल न्याय अधिनियम २०१५ चा, लागू झाला जानेवारी २०१६ पासून. त्यात गुन्ह्यांचे तीन गट आहेत आणि सगळ्यात वरच्या गटाला आम्ही वकील मंडळी सरळ ‘हिनस’ म्हणतो. ज्या गुन्ह्याला कमीत कमी शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे, तो हिनस. पोरगं सोळा पूर्ण झालेलं असेल आणि गुन्हा हिनस असेल, तरच त्याला मोठ्यांसारखं चालवायचा प्रश्न येतो. एरवी नाही. सोळाच्या आतल्याला तर कुठल्याच गुन्ह्यात नाही.

आता तुमचा रंकाळा. जखमी जिवंत आहे तोवर कलम लागणार खुनाच्या प्रयत्नाचं, भारतीय न्याय संहितेचं १०९. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. ऐकायला भयंकर. पण ‘कमीत कमी इतकी’ असं त्यात लिहिलेलं नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की किमान शिक्षा ठरवून दिलेली नसेल तर कमाल कितीही असो, तो गुन्हा हिनस नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ते कायद्यातही आलं. म्हणजे तो पोरगा श्वास घेतोय तोवर अज्याचं प्रकरण मंडळाच्या बाहेर जात नाही, आणि मंडळाला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं.

आणि समजा आठव्या दिवशी तो गेला. पोलीस कलम वाढवतात. १०९ चं १०३. खुनाला शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, म्हणजे हिनस. गाडी तीच, वार तेच दोन, अज्या तोच, त्यानं त्या आठ दिवसांत काहीही नवीन केलेलं नाही. पण आता त्याच्यासाठी दुसरं दार उघडलं. दादासोबत गेला म्हणून समान उद्देशाचं कलमही त्याच्यावर असणार, कोयता हातात नव्हता हा बचाव तिथं एका वाक्यात संपत नाही. गोष्टीची कळ इथं आहे असं मला वाटतं. अज्याच्या आईनं त्या आठ दिवसांत अंबाबाईला कुणासाठी साकडं घालायचं, याचा विचार करा.

पुण्याच्या प्रकरणाबद्दल एवढंच की तिथंही त्या मुलाला मोठ्यांसारखं चालवा असा अर्ज पोलिसांनी केला होता आणि जुलै २०२५ मध्ये मंडळानं तो फेटाळला. तिथं मुख्य कलम सदोष मनुष्यवधाचं होतं आणि त्याला किमान सात वर्षं शिक्षा नाही. लोकांना तो श्रीमंतीचा निकाल वाटतो, पण हेच गणित गरिबाच्या पोरालाही लागतं. वकील ते मांडतो की नाही हा पुढचा प्रश्न, आणि तिथं पैसा बोलतो हे मी नाकारत नाही.

पुढं. हिनस ठरलं म्हणून पोरगं आपोआप मोठ्यांच्या कोर्टात जात नाही. मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करतं, पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांत. त्यात अज्यानं गुन्हा केला का हे बघायचंच नसतं. तीन गोष्टी बघायच्या: असा गुन्हा करायची शारीरिक-मानसिक कुवत होती का, परिणाम समजायची क्षमता होती का, आणि कुठल्या परिस्थितीत ते झालं. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेणं सक्तीचं, हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलंय. मंडळानं पाठवायचं ठरवलं तर प्रकरण बाल न्यायालयात, म्हणजे आपल्याकडं कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात सेशन्सला. तिथं परत एकदा बघतात की खरंच मोठ्यासारखं चालवायची गरज आहे का. दोन चाळण्या.

दोन्हीतनं पडला आणि दोषी ठरला, तरी फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. तुमच्या मुलीच्या पुस्तकांतली अमेरिका वेगळी आहे. तिथं अठराच्या आत केलेल्या खुनाला फाशी २००५ पर्यंत चालत होती. आपल्याकडं एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला तुरुंगात नाही, वेगळ्या सुरक्षित ठिकाणी ठेवतात. एकवीस झाला की बाल न्यायालय बघतं सुधारलाय का, आणि मग एक तर बाहेर, नाहीतर उरलेली शिक्षा भोगायला कारागृहात. तेव्हा कळंबा लिहायचाच असेल तर अज्याला एकविसावं सरू दे.

पहिली रात्र. लॉकअप नाही, बेडी नाही. ज्या अधिकाऱ्यानं त्याच्याशी बोलायचं तो बाल कल्याण पोलीस अधिकारी, होता होईल तो साध्या कपड्यात. २४ तासांत मंडळासमोर. मंडळ बसलेलं नसेल तर एका सदस्यासमोरही हजर करता येतं. तोवर निरीक्षणगृह. मंडळ म्हणजे एक प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यातली एक तरी बाई. उंच चौथरा नाही, आरोपीचा पिंजरा नाही. टीव्हीवरचं कोर्ट डोक्यातनं काढा. एक टेबल, चार-पाच खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, आणि पोराला काही सुचत नाही म्हणून ते सारखं त्या घड्याळाकडं बघतंय, असं मी कित्येकदा बघितलंय.

जामीन. गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला जामीन हा नियम आहे. नाकारायची कारणं मोजकी: बाहेर सोडलं तर गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका आहे, किंवा न्यायाचा हेतूच बारगळेल. तुमच्या गोष्टीत त्याला त्याच पेठेत परत सोडणं म्हणजे सरळ धोका. त्यामुळं मंडळ नाकारेल, आणि अज्याच्या आईला ते शिक्षा वाटेल. आजऱ्याला मामा आहे, तिकडं ठेवते म्हणून तिनं हमी दिली तर चित्र बदलतं. मामी तयार आहे का, ते तुम्ही ठरवा.

आता बोळातला भाऊ. तो अर्धवट खरं बोलतोय, म्हणून जास्त धोकादायक आहे. पोलिसांपुढं “मीच केलं” म्हटल्यानं कबुली पुराव्यात येत नाही, त्यामुळं दादा काही त्यानं सुटत नाही. अज्या मात्र गाडीच्या हँडलवरनं कोयत्याच्या मुठीवर सरकतो. शिवाय मुलाला हाताशी धरून बेकायदा कामं करवून घेणाऱ्या प्रौढाला ह्याच कायद्यात वेगळी शिक्षा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. आणि त्याचं ते शेवटचं वाक्य, “वकिलाचं आम्ही बघतो”, ते मला सगळ्यात जास्त खटकतं. दादाच्या पैशाचा वकील अज्याच्या बाजूनं “मागं बसलेल्यानं वार केला” असं कशाला म्हणेल? बापाला कुणीतरी सांगायला हवं की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं मुलाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला न बघता. मूल आहे एवढं पुरतं.

एक फुकटची कल्पना देतो. वय घटनेच्या दिवशीचं धरतात आणि कागदांत पहिला मान शाळेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या सर्टिफिकेटला. ते असलं की महापालिकेचा जन्मदाखला मागं पडतो, आणि दोन्ही नसले तरच हाडांची तपासणी. आपल्याकडं शाळेत घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली किती माणसं आहेत! अज्याला सोळा पूर्ण होऊन चार दिवस झालेले करा. दाखल्यावर १ जून, आई म्हणते हा गणपतीत झाला. कागद जिंकतो, आई हरते, आणि पोरगं हिनसच्या दारात उभं राहतं.

हायकोर्टापर्यंत न्यायचं असेल तर वर्ष जपा. १८ ऑगस्ट २०२५ च्या आधीची गोष्ट असेल तर बापाला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर उभं राहून मुंबईला जाऊ दे. नंतरची असेल तर सर्किट बेंच इथंच, भाऊसिंगजी रोडला, सीपीआरच्या समोर.

उद्यमनगरचा टर्नर

वकीलसाहेब, प्रिंट काढून लेथच्या डोक्यावर चिकटवलंय. तेल उडतंय पण असू दे.

सोळाची कल्पना फार मोहाची आहे, पण घेत नाही. सोळाचं पोरगं दादाच्या गाडीवर मागं बसतं, सतराचं चालवतं. मला चालवणाराच पाहिजे. १ जून मात्र मी दादाला देणार. त्याचा भाऊ दादाचंच वय कमी दाखवायला शाळेत हेलपाटे घालतोय, असं काहीतरी.

आठव्या दिवसाचं वाचल्यावर दोन दिवस काही लिहिलं नाही. आईला मी त्या मुलाच्या नावानं साकडं घालायला लावणार होतो. मग वाटलं, ती तेवढ्यावर थांबेल का? ती सीपीआरला डबा घेऊन जाईल. खानावळीच्याच डब्यांतला. आणि त्या चुलतीला कळेल हा डबा कुणाकडचा.

गृहभेट

भाऊ, मी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) होते, आता निवृत्त. वकीलसाहेबांनी कायद्याचं सगळं बरोबर सांगितलंय, पण त्यांच्या सांगण्यात पोरगं फक्त कागदावर हलतंय. जरा आमच्या बाजूनं सांगते.

मूल ताब्यात आलं की पालकांना कळवतात तसं आम्हालाही कळवतात, आणि दोन आठवड्यांत आम्ही सामाजिक अन्वेषण अहवाल द्यायचा असतो. म्हणजे घरी जायचं. दोन खोल्यांचं घर असलं की मी आधी पोरगं कुठं झोपतं ते विचारायची. दारातल्या बाकड्यावर झोपत असेल तर रात्री कधी येतं-जातं हे घरात कुणालाच माहीत नसतं. मग शाळेत किंवा आयटीआयला जाऊन हजेरी बघायची. बाप बोलायला लागला की आईकडं बघायचं. एका घरी बाप मला सांगत होता पोराला कसलं व्यसन नाही, आणि आई पाठमोरी भांडी घासत होती, तिचा हात थांबला. तेवढं पुरलं.

तुमच्या अज्याच्या बापाच्या अंगात त्या दिवशी कुठला शर्ट आहे ते लिहा. कामावरचा असेल तर तो सुट्टी न टाकता मधल्या सुट्टीत आलाय. घडीचा असेल तर त्याला कुणीतरी शिकवून पाठवलंय. मी हे दोन्ही बघितलेत आणि दुसऱ्या प्रकारात वकिलाचं कोण बघतंय हे मला लगेच कळायचं.

मूल्यांकनाबद्दल एक महत्त्वाचं सांगायचंय. तज्ज्ञ विचारतात, “कोयता लागला की माणूस मरू शकतो, हे तुला माहीत होतं का?” पोरं पटकन “हो” म्हणतात. “नाही” म्हटलं तर आपण येडं ठरू असं त्यांना वाटतं. सगळ्या शाळेनं त्यांना तेच शिकवलंय ना, येत नाही म्हणायचं नाही. कायदा विचारतोय परिणाम समजायची क्षमता आणि पोरगं परीक्षेत उत्तर देतंय. चांगला तज्ज्ञ तिथं थांबत नाही, तो पुढं विचारतो की मग पुढं काय झालं असतं, त्याच्या घरी काय झालं असतं, तुझ्या घरी काय झालं असतं. तिथं पोरं गप्प होतात. ती गप्प झालेली पोरं मला आजही दिसतात. अज्याला त्या खोलीत नीट बसवा, घाई करू नका. ते प्रकरण मोठं झालं तरी चालेल.

आणि “फक्त तीन वर्षं” हे वाक्य कादंबरीत कुणाच्या तोंडी घालू नका, घातलं तर त्याला कुणीतरी उत्तर देऊ दे. सतरा ते वीस. ह्यात बारावी जाते, नाहीतर आयटीआयचा ट्रेड जातो, आजी जाते, बहिणीचं लग्न होतं. पहिल्या रात्री बरीच पोरं आई नाही मागत, मोबाईल मागतात. आई आठवते चौथ्या-पाचव्या दिवशी, जेवताना.

नाव छापायचं नाही असा कायदा आहे. कलम ७४, सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पेपरवाले पाळतात. पण पेठेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो सकाळी सातलाच आलेला असतो, खाली कुणीतरी “मोक्का लावा” लिहिलेलं असतं, आणि ते लिहिणारा अज्याच्याच वर्गातला असतो.

नाव नको

मी वाचतोय सकाळपासनं. लिहू का नको करत होतो.

मी होतो आत. खून बिन नाही, मारामारीत, एकाचं डोकं फुटलं होतं. वय सोळा. नाव गाव सांगत नाही. तुमच्या वर्कशॉपातला तो पोरगा बोलला तसंच मी पण बोलायचो, आमच्या ग्रुपमधी सगळीच बोलायची. एक लिहा तुमच्या पुस्तकात. आत कुणी मारलं नाही मला. जेवण बरं होतं. कॅरम होता. तरी दिवस जात नव्हता. संध्याकाळी पाच ते सात लई वाईट, कारण त्या टायमाला आम्ही ग्राऊंडवर असायचो. सोबत एकजण होता, तो रोज संध्याकाळी आमच्या टीमचे अकरा जण पोझिशननं म्हणून दाखवायचा. माझी जागा आली की नवीन पोराचं नाव घ्यायचा. मुद्दाम.

सुटल्यावर मी पोलीस भरतीची तयारी केली. पहाटे पळायला जायचो. आमच्या गल्लीतली अर्धी पोरं तेच करत्यात. फॉर्म भरताना गुन्ह्याचा रकाना आला आणि मी मोबाईल खाली ठेवला. वकिलानं सांगितलं होतं की तुझं रेकॉर्ड राहत नाही, तू अपात्र नाहीस. तरी बोट चालंना. भरला नाही तो. आता गोकुळ शिरगावला सीएनसीवर आहे. बरं चाललंय.

ज्याचं डोकं फुटलं तो रोज दिसतो. आम्ही बोलत नाही, पण आता गाडी आडवी पण घालत नाही.

काळा कोट, बावडा

‘नाव नको’, तुमच्या वकिलानं बरोबर सांगितलं होतं. मंडळानं निकाली काढलेल्या प्रकरणात मुलाला कुठलीही अपात्रता चिकटत नाही, अपिलाची मुदत सरली की कागदही नष्ट करायचे असतात. बाल न्यायालयानं मोठ्यासारखं चालवून दोषी धरलेल्याला मात्र ही सवलत नाही. टर्नरसाहेब, आठव्या दिवसानंतर अज्या हेही हरवून बसू शकतो, ते विसरू नका. आणि ‘नाव नको’, वयात बसत असाल तर पुढच्या भरतीला फॉर्म भरा. भरायच्या आधी निकालाची प्रत घेऊन या, रकान्यात काय लिहायचं ते बसून ठरवू. फी नाही.

उद्यमनगरचा टर्नर

‘नाव नको’, तुमची परवानगी असेल तर ते अकरा जणांचं घेतो. नाही म्हणालात तर घेत नाही. सीएनसीवर कुठलं कंट्रोल चालवताय? आमच्याकडं यायचं झालं तर कळवा, मी यंदा एक सेकंडहँड मशीन घेतोय.

बायको आणि मुलगी दोघींना काल वाचून दाखवलं. दोघींची आपापसातच जुंपली, मला कुणी विचारलं नाही. मी ठरवलंय की बाप भावाला हो म्हणतो. बोळात, मान खाली घालून. आणि दुसऱ्या दिवशी ताई गृहभेटीला येतात तेव्हा त्याच्या अंगात घडीचा शर्ट आहे. ताई काय लिहितात त्यावर पुढचं.

वकीलसाहेब, एक शेवटचं. अज्याला दादासमोर उभं करायचंय मला. मूठ पाठीत लागली होती, हे त्यानं तोंडानं सांगायला हवं. दोघांची केस एकत्र चालत नाही असं ऐकलंय, मग हे कसं जमवू?

काळा कोट, बावडा

जमतं. मुलाचं आणि प्रौढाचं काम एकत्र चालवता येत नाही हे कलम २३, पण दादाच्या खटल्यात अज्याला साक्षीला बोलावता येतं. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, म्हणून अज्याचं स्वतःचं प्रकरण निकाली निघाल्यावर ही साक्ष ठेवा, तोवर तो वीसच्या घरात असेल. जागा सेशन्स कोर्ट, बावडा. इथं चौथरा आहे, पिंजरा आहे, आणि पिंजऱ्यात दादा. उलटतपासाला दादाचा वकील पहिला प्रश्न विचारणार, “गाडी का थांबवली नाहीस?” तुम्ही ते फाडलेलं पान तिथं वापरा. प्रकरण लिहून झालं की पाठवा, सरकारी वकिलाचे प्रश्न मी तपासून देतो.